डेल्फ्टच्या ताटल्या रंगवणारा माणूस जुन्या कागदांत शोधायचा कसा?

निळाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता गरज पडली म्हणून लिहितेय.

माझं सासर डच. सासूबाईंच्या माहेरी पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगितली जाते की त्यांचा कुणी पूर्वज डेल्फ्टला (नेदरलँड्समधलं निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं गाव) मोठा कुंभार होता. दर नाताळात गोष्ट थोडी वाढते. यंदा "आमची स्वतःची भट्टी होती" इथवर आली. मी डेल्फ्टच्या नगर अभिलेखागाराच्या साइटवर नाव टाकून पाहिलं, तर माणूस खरोखर सापडला. एक नोंद १७०१ ची, लग्नाची. दुसरी १७३४ ची, दफनाची. कागदांचे फोटो घरबसल्या बघता येतात, पण अक्षर बघून घाम फुटला. लग्नाच्या नोंदीत 'प्लाटेलस्खिल्डर' लागतंय, म्हणजे ताटल्या-भांडी रंगवणारा. दफनाच्या नोंदीत नाव, रस्ता, एक आकडा आणि शेवटी 'प्रो देओ'सारखं काहीतरी.

तो मालक होता की नोकर? कुठल्या कारखान्यात होता? आणि एखाद्या ताटलीच्या पाठीवर त्याची सही मिळू शकेल का? इथे मोडी वाचणारे आणि नेदरलँड्सवाले दोन्ही आहेत, म्हणून इथेच विचारतेय.

नेहमीचाच
पहिला! आता चहा घेऊन बसतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

हेगकर
निळाई, शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. सही विसरा. डेल्फ्टच्या भांड्यामागे जी निळी अक्षरं असतात ती कारखान्याची किंवा मालकाची. 'एसव्हीई' दिसलं तर साम्युएल फान एनहोर्न, 'एके' जोडाक्षरासारखं दिसलं तर आद्रियानुस कॉक्स. दोघेही 'ग्रीक ए' या कारखान्याचे मालक. १७६४ मध्ये कारखान्यांनी आपापल्या खुणा नगरपालिकेकडे नोंदवल्या, त्याही कारखान्यांच्याच. कुंचला ज्याच्या हातात होता त्याचं नाव ताटलीवर क्वचितच येतं.

त्याचं नाव येतं ते तो लग्न करतो, कर्ज काढतो, मारामारीचा साक्षीदार होतो किंवा मरतो तेव्हा. म्हणून वस्तुसंग्रहालयात न जाता दप्तरात जावं लागतं.

सुगरण_नाही
>> दर नाताळात गोष्ट थोडी वाढते
आमच्याकडे पणजोबांचे आधी दोन घोडे होते. आता पागा आहे.

मोडीवेडा
डच मला येत नाही, पण जुनं हस्ताक्षर वाचायची रीत सगळीकडे सारखीच असते असा माझा अनुभव. पेशवे दफ्तरातला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) पहिल्यांदा सोडला की वाटतं, हे जन्मात लागायचं नाही. तीन गोष्टी करा.

एक, तुमची नोंद सोडून द्या आणि त्याच पानावरच्या बाकीच्या नोंदी वाचा. कारकून एकच, मजकुराचा साचा एकच. मोडी पत्रात मायना कळला की निम्मं पत्र कळतं, तसं इथे साचा कळला की फक्त नावं उरतात.

दोन, त्या कारकुनाची बाराखडी करा. जे शब्द नक्की लागलेत (महिने, रस्ते, तुमचं आडनाव) त्यातली अक्षरं कापून एका कागदावर चिकटवा. छापील तक्ते ठीक असतात, पण प्रत्येकाचं वळण वेगळं.

तीन, अंदाज करून पुढे जाऊ नका. न लागलेलं अक्षर टिंब म्हणून सोडा. एकदा मनाने शब्द भरला की पुढे डोळ्याला तोच दिसायला लागतो.

हेगकर
मोडीवेडा यांना +१. साच्याबद्दल थोडी भर.

डेल्फ्टच्या लग्नाच्या नोंदीत नावापुढे 'जेएम' अशी दोन अक्षरं असली तर नवरा प्रथमवर, 'जेडी' म्हणजे मुलगी अविवाहित. विधुर-विधवा असेल तर तसं लिहितात आणि आधीच्या जोडीदाराचं नावही देतात. मग धंदा, मग राहण्याचा रस्ता. ही तारीख बहुतेक वेळा लग्न ठरल्याची असते. पुढचे तीन रविवार चर्चमध्ये पुकारा व्हायचा आणि मग लग्न.

तारखांत एक सापळा आहे. '७बर' असं लिहिलेलं दिसलं तर तो सप्टेंबर. '८बर' ऑक्टोबर, '९बर' नोव्हेंबर आणि रोमन दहा लावून 'बर' लिहिलं तर डिसेंबर. लॅटिन सात, आठ, नऊ, दहा. आपल्या सवयीने सातवा महिना म्हणून जुलै लावला की वंशावळीत मूल लग्नाआधी जन्मतं आणि मग सासूबाईंची समजूत तुम्ही काढा.

नेहमीचाच
तसंही जन्मत असेल. सतरावं शतक काही अगदीच सोवळं नव्हतं.

बिनधास्त_बंड्या
२१व्या शतकात कोण डोळे फोडतंय? ट्रान्सक्रिबुसमध्ये फोटो टाका, दोन मिनिटांत टाइप होऊन मिळेल. मशीन वाचतं आजकाल.

मोडीवेडा
बंड्याशेठ, नावांचं काय करतं तुमचं मशीन?

हेगकर
दोघांचंही बरोबर. डच लोकांनी यात प्रचंड काम केलंय. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांची जवळपास पन्नास लाख पानं 'ग्लोबलाइज' प्रकल्पात मशीनकडून वाचून घेतली आहेत. अॅमस्टरडॅमचे नोटरीचे दस्त स्वयंसेवक आणि मशीन मिळून उलगडताहेत. सलग मजकूर असेल, चांगला कारकून असेल, तर मशीन सुरेख वाचतं. दफनाच्या वहीसारखी यादी आली की गडबडतं, कारण तिथे वाक्यच नसतं. नाव, रस्ता, आकडा, एवढंच. आणि मशीन टिंब सोडत नाही, ठोकून देतं काहीतरी. शोधायला मशीन वापरा, मान्य करायच्या आधी मूळ पान बघा.

अनुस्वार
मालक की नोकर, या मूळ प्रश्नाकडे येते. दफनाच्या नोंदीतलं ते शेवटचं 'प्रो देओ' नीट बघितलंत का? त्यातच उत्तर आहे.

हॉलंड प्रांतात १६९५ पासून लग्न आणि दफन यांवर कर बसला. ऐपतीप्रमाणे वर्ग: ३० गिल्डर (तेव्हाचं डच चलन), १५, ६, ३, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो 'प्रो देओ', म्हणजे देवाच्या नावाने, फुकट. त्यामुळे त्या एका रकान्यावरून माणूस कुठल्या थरातला होता ते समजतं. भट्टीचा मालक प्रो देओमध्ये गेला असेल तर तो आधी पार बुडालेला असणार.

लग्नाचा वर्गही शोधा. १७०१ चं लग्न या कराच्या काळातलंच आहे. लग्नाला ३ आणि मरताना प्रो देओ असेल, तर आयुष्याची दिशा दोन आकड्यांत कळते.

निळाई
अनुस्वार, अंगावर काटा आला. प्रो देओच आहे. आता नक्की लागलं. लग्नाची कराची नोंद शोधते.

सासूबाईंना कसं सांगू?

सुगरण_नाही
नाताळ झाल्यावर.

खडूसराव
धागा छान वगैरे, पण आपल्या गावच्या कुंभाराचा खापरपणजा कोण होता हे कुणाला माहीत आहे का इथे? डचांच्या रंगाऱ्याचं एवढं कौतुक! बरं, ते तरी काय करत होते, चिन्यांची नक्कलच ना?

हेगकर
नक्कल होतीच, कुणी लपवलेली नाही. पोर्तुगीज जहाजांतून लुटलेलं चिनी पोर्सेलिन १६०२ नंतर हॉलंडमध्ये लिलावाला आलं आणि लोक वेडे झाले. मिंग राजवट १६४४ ला कोसळली, चीनमधून माल येईना. ती पोकळी डेल्फ्टने भरली. तेव्हा तिथले बिअरचे कारखाने बंद पडत होते, त्या रिकाम्या इमारतींत भट्ट्या शिरल्या. काही कारखान्यांची नावंसुद्धा जुन्या दारूभट्ट्यांचीच राहिली. १७०० च्या सुमारास गावात तीसएक कारखाने होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक उरला, 'पोर्सेलिनची बाटली' नावाचा. आज रॉयल डेल्फ्ट म्हणतात तो.

मोडीवेडा
खडूसराव, पहिला मुद्दा मात्र घेण्यासारखा आहे. आपल्या कुंभारांची नावं बलुत्याच्या कागदांत, गावच्या वहिवाटीच्या तंट्यांत आहेत. वाचणारे कमी आहेत. मोडीचे वर्ग चालतात, या की एकदा. गावाचं नाव सांगा, कुठे बघायचं ते मी सांगतो.

खडूसराव
बघतो. (खरंच बघतो.)

मातीचा_माणूस
मी सिरॅमिक इंजिनिअर, त्यामुळे गप्प बसवत नाही. 'प्लाटेलस्खिल्डर' म्हटलं की कुणी कलाकार खिडकीशी बसून फुलं काढतोय असं वाटतं. काम कसं चालायचं ते बघा.

भांडं चाकावर किंवा साच्यात करणारा वेगळा. एकदा भाजून झालं की कथील आणि शिसं असलेल्या पांढऱ्या झिलईत बुडवायचं. ती वाळली की वर पांढरी पूड बसते, टीपकागदासारखी. कुंचला टेकला की रंग शोषला जातो, पुसता येत नाही. म्हणून आधी भोकं पाडलेला कागद भांड्यावर ठेवून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, नक्षीचे ठिपके उमटतात. याला 'स्पोन्स' म्हणत. मग गडद रंगाने बाह्यरेषा, ती 'ट्रेक'. मग कोबाल्टच्या निळ्याने भरणं. वरून पारदर्शक झिलईचा शिंतोडा, 'क्वार्त', आणि पुन्हा भट्टी. कोबाल्ट कच्चा असताना काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतच. तो रंगारी दिवसभर जे रंगवायचा ते त्याच्या डोळ्यांसमोर निळं नसायचंच.

आणि शिसं. झिलई करणारे, भट्टीवाले, सगळे ते श्वासातून आणि हातातून आत घेत होते.

नेहमीचाच
हा प्रतिसाद स्वतंत्र धागा होऊ शकतो. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

तांबडीमाती
अवांतर करतेय, माफी. आमच्या रत्नागिरीच्या घरात एक खोलगट थाळी आहे. आजोबांचे वडील रंगूनला नोकरीला होते, तिथून आणलेली. मागे स्फिंक्सचं चित्र आणि 'पेट्रुस रेगू, मास्त्रिख्त' असं छापलंय. फुलं जरा ओबडधोबड, स्पंजने उठवल्यासारखी. ही डेल्फ्टचीच का? घरात सगळे 'डच प्लेट' म्हणतात.

नेहमीचाच
रंगूनहून रत्नागिरीला थिबा राजा आला आणि मागोमाग थाळी आली.

हेगकर
तांबडीमाती, नाही. डेल्फ्ट वेगळं, मास्त्रिख्त वेगळं. मास्त्रिख्त पार दक्षिणेला, बेल्जियमच्या कुशीत. पेट्रुस रेगूने १८३० च्या दशकात तिथे मोठा यांत्रिक कारखाना उभा केला, तोही इंग्लंडच्या स्टॅफर्डशरच्या धर्तीवर. तिथून कारागीरही आणले. ब्रह्मदेश आणि डच इंडीजच्या बाजारासाठी खास नक्ष्या काढत. 'तिमोर', 'पायोंग' अशी नावं असलेल्या. म्हणजे तुमची थाळी रंगूनला मिळणं अगदी स्वाभाविक. १८९९ ला कारखान्याचं नावच स्फिंक्स झालं. पुढे याच नावाचे संडास-बेसिन जगभर गेले आणि मास्त्रिख्तमधलं ते उत्पादन २००९ पर्यंत चाललं.

अनुस्वार
मास्त्रिख्तचे कामगार शोधणं मात्र डेल्फ्टपेक्षा कितीतरी सोपं. तो भाग फ्रेंचांनी आधी गिळला, म्हणून तिथे जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १७९६ पासूनच आहे. बाकी देशात साधारण १८११ पासून. त्यात नवरा-नवरी, दोघांचे आईवडील, साक्षीदार, बहुतेकांचे धंदे दिलेले असतात. एका कुंभारकामगाराच्या लग्नात साक्षीदारही त्याच कारखान्यातले निघतात आणि अख्खी गल्ली हाती लागते.

पण खरी मेजवानी म्हणजे लग्नाच्या नोंदीसोबत जोडलेली कागदपत्रं. त्यात नवरदेवाचा सैन्यभरतीचा दाखला असतो आणि त्यावर वर्णन: चेहरा लांबट, कपाळ अरुंद, डोळे निळे, नाक मोठं, हनुवटी गोल, गालावर देवीचे व्रण. उंची '१ एल, ६ पाम, ४ डाउम' अशी लिहितात. घाबरायचं काही नाही, १८२० नंतर डचांनी मीटरपद्धत घेतली पण नावं जुनीच ठेवली. म्हणजे १ मीटर ६४ सेंटिमीटर. ज्याचा फोटो काढायला कुणाकडे पैसे नव्हते त्याचा चेहरा तुम्हाला वाचायला मिळतो. शेवटी सही, नाहीतर 'लिहिता येत नाही असे सांगितले'. गरीब असेल तर ऐपत नसल्याचा दाखलाही जोडलेला असतो, म्हणजे शुल्क माफ.

सुगरण_नाही
>> गालावर देवीचे व्रण
हे वाचून थांबले दोन मिनिटं.

अनुस्वार
आणि वयं बघा. मुलांना कारखान्यात घ्यायची बंदी आली १८७४ ला, तीही बारा वर्षांखालच्यांसाठी. कागदावर. १८८७ च्या सुमारास संसदेने चौकशी केली तेव्हा मास्त्रिख्तच्या मुलांची रात्रपाळी उजेडात आली, मग १८८९ चा कामगार कायदा. त्या चौकशीचे जबाब छापलेले आहेत, ऑनलाइन वाचता येतात. कामगार स्वतः बोलताहेत असा मजकूर या सगळ्या विषयात क्वचित मिळतो. तांबडीमाती, त्या थाळीवरची स्पंजची फुलं कुण्या पोरासोरांनी उठवली असणं अशक्य नाही.

तांबडीमाती
आता त्या थाळीत दिवाळीचा फराळ द्यायला जीव धजावणार नाही. धन्यवाद, सगळ्यांचेच.

वेंगुर्लेकर_आबा
डच म्हटल्यावर आमचा गाव यायलाच हवा. वेंगुर्ल्याला डचांची वखार १६३७ पासून. पडक्या भिंती आजही आहेत. तिथे डेल्फ्टचा कोणी येऊन राहिला असेल का?

हेगकर
आबा, शक्य आहे. डेल्फ्ट हे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा कक्षांपैकी (शाखांपैकी) एक, तिथून जहाजं सुटायची. अठराव्या शतकातल्या पगारवह्या टिकल्यात, लाखो नाविक-सैनिकांची नावं, गाव, हुद्दा, शेवट कुठे झाला, सगळं शोधता येतं. घरच्यांना वर्षाला काही महिन्यांचा पगार परस्पर मिळायची सोय असायची, त्यासाठी बायकोचं किंवा आईचं नाव नोंदवत. फक्त या वह्या १७०० नंतरच्या आणि वेंगुर्ल्याची वखार त्याआधीच उठली. तुमच्या भिंतींत राहिलेला माणूस हवा असेल तर कंपनीची पत्रं वाचावी लागतील.

निळाई, हे तुमच्याही कामाचं. रंगाऱ्याला मुलगे असतील तर पगारवह्यांत बघाच. धंदा बसल्यावर डेल्फ्टचे कितीतरी पोरगे जहाजावर चढले.

बिनधास्त_बंड्या
एक शंका. गिल्डची, म्हणजे कारागिरांच्या संघाची, वही का नाही बघत? सगळे कारागीर गिल्डमध्ये असायचे ना?

अनुस्वार
सेंट ल्यूकचं गिल्ड. चित्रकार, कुंभार, काचवाले, पुस्तकविक्रेते सगळे एकाच छत्राखाली. उस्तादांची वही १६१३ पासूनची आहे, हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. प्रसिद्ध चित्रकार योहानेस व्हर्मीरचं नाव त्यातच आहे: डिसेंबर १६५३, प्रवेशशुल्क ६ गिल्डर, हातात दीडच, बाकी १६५६ ला फेडले. पण ती उस्तादांची. रोजावर रंगवणारा तिथे सापडला तर नशीब. उलट मालकीणबाई सापडतात. 'ग्रीक ए' नवऱ्यामागे योहाना फान डर ह्यूल यांनी जवळपास वीस वर्षं चालवला.

गंमत म्हणजे या गिल्डवर मूलभूत काम केलं ते येल विद्यापीठाच्या जॉन मायकल मोंटियास यांनी. मूळचे अर्थतज्ज्ञ, पूर्व युरोपच्या समाजवादी अर्थव्यवस्थांचे अभ्यासक. गिल्डचं अर्थकारण तपासायला डेल्फ्टच्या दप्तरात शिरले, जुनं अक्षर वाचायला शिकले आणि व्हर्मीरच्या कुटुंबाचे कागद हाताला लागले. नोटरीचे दस्त पानं उलटत वाचण्यातून हे झालं. निळाई, तुम्हीही तिकडेच जा. नोटरीकडे हे लोक सारखे जायचे: उधारी, करार, भांडणं.

निळाई
मंडळी, दोन आठवडे गायब होते, पण रिकाम्या हाताने आले नाही.

लग्नाचा कर: ३ गिल्डर. म्हणजे अनुस्वार म्हणाल्या तसंच, ३ वरून प्रो देओ. दफनाच्या नोंदीतला आकडा म्हणजे मागे राहिलेली अल्पवयीन मुलं, दोन. मुलगे की मुली ते अजून माहीत नाही.

आणि नोटरीच्या दस्तांच्या सूचीत तो मिळाला! १७०९ चा जबाब. तीन रंगारी मिळून सांगताहेत की त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एकाने ठरलेली मुदत संपायच्या आत काम सोडलं. आमच्या माणसाने खाली सही केलीय. बाकी दोघांच्या फुल्या, बाजूला कारकुनाने 'ही अमक्याची खूण' असं लिहिलंय. याची सही मात्र वळणदार, शेवटी लांब शेपटी. तीन शतकं कुणी बघितली नसेल.

पण कारखान्याचं नाव! 'डे रो' एवढं दिसतं आणि तिथेच कागदाची घडी. पुढची अक्षरं घडीत गेलीत.

मोडीवेडा
वा! टिंबं ठेवलीत ना, शाब्बास. घडीनंतर किती अक्षरांची जागा आहे? त्याच कारकुनाची बाराखडी लावून मोजा.

हेगकर
'डे रो'ने सुरू होणारे दोन कारखाने पटकन आठवतात. 'डे रोस', म्हणजे गुलाब, आणि 'डे रोमेन', म्हणजे रोमन माणूस. घडीच्या पलीकडे एखादी उभी रेघ दिसते का?

निळाई
दिसते, पण ती 'एन'ची का लांब 'एस'ची ते सांगता येत नाही. दोन्ही शक्य.

बिनधास्त_बंड्या
मशीन काय म्हणतं?

निळाई
मशीन म्हणतं 'डे रोटरडाम'.

नेहमीचाच
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मोडीवेडा, एक गुण तुम्हाला.

अनुस्वार
घडीशी झटापट करू नका. जबाबाच्या पहिल्या दोन ओळी बघा. असे जबाब कुणाच्या तरी विनंतीवरून नोंदवले जातात, आणि ते नाव सुरुवातीलाच असतं. रंगाऱ्याने काम सोडल्याची तक्रार करणारा बहुतेक कारखान्याचा मालक किंवा त्याचा मुकादम असणार. ते नाव लागलं की १७०९ ला 'रोस' कुणाचा आणि 'रोमेन' कुणाचा ते तपासायचं. मालकांच्या याद्या छापलेल्या आहेत. नाव कुठल्या यादीत बसतं ते बघा, घडी उलगडायची गरजच नाही.

सुगरण_नाही
सासूबाईंना सांगितलंत का ते सांगा आधी.

निळाई
सांगितलं. प्रो देओ ऐकून जरा गप्प झाल्या. मग सहीचा फोटो मोठा करून छापून मागितला. आता म्हणतात, "भट्टी नसेल, पण अक्षर बघ."

अनुस्वार, पहिली ओळ आत्ता उघडलीय. नावाच्या आधी 'दे हेर' दिसतंय, म्हणजे कुणी प्रतिष्ठित असावा. आडनाव 'फान डे...' ने सुरू होतं. पुढचं टिंबं ठेवून टाइप करते, सगळ्यांनी बघा.